तबेला नव्हे, पागा

इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यात चॅट्सवर्थ नावाची जहागीर आहे. तिथल्या घोड्यांच्या भव्य वास्तूला मराठीत ‘तबेला’ म्हणावे की ‘अश्वशाळा’, असे एका वाचकाने विचारले आहे. ‘अश्वशाळा’ चूक नाही, पण तो शब्द बोलण्यात नाही. अमरकोशातली ‘मंदुरा’ तर आज कोणी ओळखणारही नाही. ‘तबेला’ मात्र कृपा करून वापरू नये. प्रवासवर्णनांत तो सर्रास आढळतो आणि दर वेळी खटकतो. मुंबईकराला तबेला म्हटले की म्हशी दिसतात ही अडचण आहेच, पण खरे कारण व्युत्पत्तीत आहे.

‘तबेला’ हा ‘अस्तबल’चा अपभ्रंश असल्याचे काही जाणकार ठामपणे सांगतात; मला ते साफ अमान्य आहे. ‘अस्तबल’ आणि इंग्रजी ‘स्टेबल’ हे दोन्ही लॅटिन ‘स्टाबुलम’चे वंशज असून त्यांच्या मुळाशी ‘उभे राहणे’ आहे. तबेल्याचे घराणेच वेगळे. अरबी ‘तवील’ म्हणजे लांब (हिंदीत एखाद्या गोष्टीला ‘तूल’ देतात, तो तूल याच धातूचा) आणि ‘तवीला’ म्हणजे जनावरे ओळीने बांधण्याचा लांब दोर. फारसीत दोराचे नाव जागेला चिकटले. छावणीत मेखा ठोकून ताणलेला दोर, घोड्यांच्या पुढच्या पायांना अगाडी, मागच्यांना पिछाडी, आणि वर उघडे आभाळ, असे चित्र या शब्दात दडले आहे. त्यात भिंत नाही, छप्पर नाही.

चॅट्सवर्थची वास्तू जेम्स पेन या वास्तुकाराने डेव्हनशरच्या चौथ्या ड्यूकसाठी उभारली, १७५८ ते १७६७ या काळात. सुमारे १९० फूट लांबी-रुंदीची ही दुमजली चौसोपी इमारत आहे. प्रवेशद्वारी डोरिक, म्हणजे साध्या ग्रीक घाटाचे, चार स्तंभ, वर घराण्याचे कोरीव चिन्ह आणि त्याहून वर घड्याळाचा मनोरा आहे. खाली ८० घोडे व लोहारशाळा, तर वरच्या मजल्यावर धान्याची कोठारे आणि नोकरांची बिऱ्हाडे होती. घोडे, माणसे, दाणा आणि शिस्त यांचा असा एकत्र संसार सांगणारा मराठी शब्द ‘पागा’ हाच आहे. फारसी ‘पायगाह’वरून आलेल्या या शब्दात जागाही येते आणि एका सरदाराखालचे घोडदळही.

आत प्रत्येक घोड्यासाठी जो कप्पा असतो, त्याला ‘स्टॉल’ लिहिण्याचेही कारण नाही. आपल्याकडे घोडा ठाणावर बांधतात, आणि ‘ठाण’ हे ‘स्थान’चेच रूप, म्हणजे ज्या ‘स्था’शी लॅटिन ‘स्टाबुलम’चे रक्ताचे नाते आहे, त्याच धातूचे. तेव्हा खुशाल लिहावे: चॅट्सवर्थची ऐंशी ठाणांची पागा.