१२० नॉट सोडा, स्टॉल किती नॉटला होतो ते विचारा

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेत स्पोर्ट पायलटच्या (छोटी, हलकी विमानं उडवायचा सोपा परवाना असलेल्याच्या) विमानांवरची १२० नॉटची (ताशी सुमारे २२२ किमी) वेगमर्यादा उठली, तर सुरक्षित म्हणून शिकायला जुनं, मर्यादेतलंच विमान घ्यावं का? शिवाय शाळेवाले म्हणतात की ते हळू असल्यामुळे क्रॉसविंडचे (आडव्या वाऱ्यात उतरण्याचे) जादा धडे लागत नाहीत. हे वाचून राहवलं नाही. मलाही अगदी हेच ऐकवलं होतं.

आधीच सांगतो, मी हौशी पायलट आहे, इन्स्ट्रक्टर नाही. शेवटचा शब्द इन्स्ट्रक्टरचा. फक्त तो त्या शाळेचा नसलेला बरा.

१२० नॉट ही २००४ च्या नियमातली अट. सोबत ६०० किलो वजन, दोन आसनं, आत न ओढता येणारी चाकं. माझ्या मते हे वर्ग ठरवायचं कुंपण होतं, जीव वाचवायची सोय नव्हे. सेस्ना १५२ हे शिकाऊंचं छोटं विमान याहून हळू, तरी वजनामुळे वर्गाबाहेर! आणि ती अट सपाट उड्डाणापुरती. नाक खाली घातलं तर यातली बरीच विमानं १२० ओलांडतील.

हौशी पायलट अडचणीत येतो तो बहुतेक उतरताना, नाहीतर बेसवरून फायनलला, म्हणजे उतरण्याआधी रनवेच्या रेषेत वळताना. तेव्हा वेग असतो पन्नास-साठ नॉट. तिथे १२० चा काय संबंध? कामाचा आकडा स्टॉलचा, म्हणजे ज्या वेगाखाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो. जुन्या नियमात तो फ्लॅप (पंखामागच्या, हळू उडायला मदत करणाऱ्या झडपा) न लावता ४५ नॉट होता, २२ ऑक्टोबर २०२५ पासून स्पोर्ट पायलटला ५९ चालतो. आदळताना ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ४५ चे ५९ झाले की ती सुमारे १.७ पट. मला काळजी वाटते ती या ढिलाईची. त्यात ६० अंशांच्या वळणात उंची राखायला गेलात तर स्टॉलचा वेग १.४ पट होतो. ४५ वाल्या विमानाचाही ६४ च्या आसपास.

आता ती शाळा. नाव घेत नाही. सगळे धडे पहाटे, विंडसॉक (वारा दाखवणारा कापडी मोजा) लुळा पडलेला असताना. आम्ही राहतो कॅन्ससात, इथे दुपारचा वारा काय असतो ते विचारू नका. हलक्या विमानाच्या पंखांवर भार कमी, त्यामुळे झोत आला की ते पतंगासारखं उडतं. जड सेस्ना १७२ त्या मानाने शांत. म्हणजे 'हळू' विमानालाच वाऱ्याचा सराव जास्त लागतो. मी क्रॉसविंडच्या तासांची मागणी केली तर ऑफिसातून उत्तर काय, "या विमानाला ते लागत नाही, पॅकेजमध्ये बसत नाही." पैसे परत? नाव नको! दुसऱ्या विमानतळावरच्या एका निवृत्त बाईंकडे पुन्हा फी भरून शिकलो. त्यांनी चाकं न टेकवता रनवेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडवायला लावलं, वाऱ्याकडचा पंख खाली, रडरने (शेपटीच्या उभ्या पात्याने) नाक सरळ. आधी हे कुणी करूनच घेतलं नव्हतं.

वेगाची जी मर्यादा खरोखर वाचवते ती पायलटने स्वतः पाळायची: हवा खवळली की मॅन्युव्हरिंग स्पीडच्या खाली येणं, म्हणजे जोराचा झोत आला तर विमान मोडण्याआधी स्टॉल होतं. हा वेग एअरस्पीड इंडिकेटरवर (वेग दाखवणाऱ्या तबकडीवर) रंगवलेला नसतो, विमानाच्या पुस्तकात बघावा लागतो. आणि विमान हलकं असेल तर तो कमी होतो, बरेच जण उलट समजतात. सेस्ना १७२ एस पूर्ण वजनाला १०५ नॉट, ८६० किलोला ९०. एकटे उडत असाल तर खालचा आकडा धरा.

जुनं ६०० किलोवालं घेणारच असाल तर आधी त्याचं रिकामं वजन विचारा. साडेतीनशेच्या वर असतंच बहुधा. दोन धिप्पाड माणसं आणि भरलेली टाकी त्यात बसत नाहीत, आणि शाळेवाले हे आपणहून सांगतील असं मला वाटत नाही.