पोळीची घाई नको

ताई, वजन कमी करायला पोट लहान करण्याचं ऑपरेशन झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात पोळीची आठवण येणारच, पण थांबा. साधारण क्रम असा: पहिले दोन आठवडे पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, पाचव्यापासून मऊ. घट्ट जेवण 6 ते 8 आठवड्यांनी, तेही सर्जन हो म्हणाले तरच.

- प्रथिनं आधी: घट्ट वरण, मऊ पनीर, वाफवलेला पापलेट.
- घास नखाएवढा, अगदी लगदा होईपर्यंत चावा.
- जेवताना पाणी नाही. नंतर अर्ध्या तासाने, घोटघोट.

बहुतेक जण फसतात ते पावावर. वडापावातला पाव लाळेत भिजून गोळा होतो, अडकतो, छातीत दाटतं, मग उलटी. लोकल गाठायच्या घाईत डबा उघडूच नका. भरल्यासारखं वाटलं की थांबा. ताटात उरलं तर उरू दे, सासूबाई काहीही म्हणोत. पाणीही उतरेना झालं तर मात्र थेट हॉस्पिटल.