सहा वर्षांच्या मुलाला ‘आपण वेगळे आहोत’ यावर कोणती गोष्ट सांगावी?

मुलगा वर्गात एकटा पडतो म्हणता, तर बदकाच्या कुरूप पिल्लाची गोष्ट सगळेच सुचवतील. डॅनिश लेखक अँडरसनची, १८४३ची. आपल्याकडे गदिमांच्या ‘एका तळ्यात होती’मुळे ती घराघरात पोचली. मीही माझ्या लेकीला तीच सांगितली. ती पांघरुणातून डोकं काढून म्हणाली, “आणि बाबा, तो राजहंस निघालाच नसता तर?” मला उत्तर सुचेना. खरंच, त्या पिल्लाला मान मिळतो तो देखणं निघाल्यावरच.

नाशिकला असाल तर हिवाळ्यात एका रविवारी सकाळी मुलाला नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात न्या. तिथे बदकांच्या घोळक्यात एक काळा पक्षी दिसेल, कपाळावर गंध लावल्यासारखा पांढरा ठिपका. त्याचं नावच वारकरी. दिसतो बदकासारखा, पण आहे पाणकोंबडीच्या कुळातला. बोटांना सलग पडदा नाही, सुट्या पाळ्या असतात, तरी मजेत पोहतो. तो शेवटपर्यंत वारकरीच राहतो, हंस वगैरे होत नाही.

दुर्बीण मुलाच्या हातात द्या आणि गोष्ट त्यालाच रचू द्या. आमच्या गोष्टीतला वारकरी बदकांना अभंग शिकवतो. (बदकं बेसूर आहेत.)