समर्थन करणारे तत्त्व कसे ओळखावे?

प्रश्न : ‘पुढीलपैकी कोणते तत्त्व ग्राह्य धरल्यास वरील युक्तिवादाचे समर्थन होते?’ या प्रकारात माझ्याकडे शेवटी दोन पर्याय उरतात आणि मी हमखास चुकीचा निवडते. फार व्यापक विधान असलेला पर्याय टाळावा, असे क्लासमध्ये सांगतात. ते योग्य आहे का?
– विधी प्रवेशपरीक्षेची तयारी करणारी विद्यार्थिनी, लालबाग, मुंबई

उत्तर : युक्तिवादाला कोणते गृहीतक आवश्यक आहे, असे विचारले असेल तेव्हा तो सल्ला योग्य ठरतो, समर्थन विचारले असता मात्र तत्त्व कितीही व्यापक असले तरी बिघडत नाही, फक्त दिलेले कारण त्याच्या कक्षेत यायला हवे आणि त्यातून नेमका तोच निष्कर्ष निघायला हवा.

समजा, दादरच्या एका सोसायटीच्या सभेत तळमजल्यावरील सभासद म्हणतात, ‘आम्ही लिफ्ट वापरत नाही, म्हणून तिच्या देखभालीचा खर्च आमच्याकडून घेऊ नये.’ ‘जो सुविधा वापरतो त्याने तिचा खर्च द्यावा’ हा पर्याय चटकन पटतो, परंतु न वापरणाऱ्याने काय करावे याविषयी तो अवाक्षरही काढत नाही. प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, म्हणजे न्यायदर्शनात, ‘जेथे धूर तेथे अग्नी’ ही व्याप्ती (एक असेल तेथे दुसरे असतेच, असा संबंध) मान्य आहे. ‘जेथे अग्नी तेथे धूर’ मात्र मान्य नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. त्याच न्यायाने, धूर नाही म्हणून अग्नीही नाही, असे म्हणता येत नाही. वरच्या पर्यायात तुमची गफलत होते ती हीच. ‘सभासद जी सुविधा वापरत नाही तिचा खर्च त्याच्याकडून घेऊ नये’ हे तत्त्व पार्किंगलाही लागू पडेल इतके व्यापक आहे, तरीही योग्य उत्तर हेच.

आणखी एक सापळा सोसायटीत वाढलेल्या मुलांसाठीच असतो. महाराष्ट्रातील गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमावलीनुसार) लिफ्टच्या देखभालीचा खर्च, ती वापरणारे व न वापरणारे अशा सर्व सभासदांमध्ये समान वाटला जातो. हे ज्यांच्या घरी वर्षानुवर्षे ऐकले गेले आहे, ते योग्य पर्याय ‘नियमाविरुद्ध’ म्हणून सोडून देतात. प्रश्नातील ‘ग्राह्य धरल्यास’ हे शब्द तो वाद मिटवतात.

पर्याय वाचण्यापूर्वी ‘असे कारण असेल, तर असा निष्कर्ष’ या साच्यात एक वाक्य मनाशी बांधावे आणि त्या दिशेने न जाणारा पर्याय लगेच सोडावा. क्लॅट या विधी प्रवेशपरीक्षेत १२० प्रश्नांना १२० मिनिटे मिळतात, तेव्हा हे वाक्य कागदावर लिहीत बसू नये. त्या परीक्षेच्या विधी विभागात बहुधा तत्त्व उताऱ्यातच दिलेले असते आणि ते प्रसंगाला लावायचे असते. दिशेची काळजी तेथेही तितकीच घ्यावी लागते.