वाचकांचे प्रश्न : सिनेमा दिग्दर्शित करायचाय, सुरुवात कुठून?

प्रश्न : नागराज मंजुळे आमच्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. ते इथून ‘सैराट’पर्यंत कसे पोचले? दिग्दर्शक व्हायला आधी मुंबई गाठावीच लागते का? (जेऊरचे एक वाचक)

उत्तर : त्यांच्या कामाचा क्रम पाहिला तर उत्तर मिळतं. आधी कविता. पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. मग अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचा अभ्यास. मग ‘पिस्तुल्या’ हा लघुपट, ज्याला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर 2013 साली ‘फँड्री’. त्यालाही दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला. ‘सैराट’ 29 एप्रिल 2016 ला लागला आणि अमिताभ बच्चन यांना घेऊन केलेला ‘झुंड’ यायला 2022 उजाडलं.

या वर्षांमधलं अंतर बघा. एकेका चित्रपटाला कित्येक वर्षं गेली आहेत. ‘सैराट’च्या कमाईची चर्चा सगळे करतात, पण शिकणाऱ्याने त्यापुढचं पाऊल बघावं. एवढं यश मिळाल्यावर मंजुळे पुन्हा लघुपटाकडे वळले. त्या ‘पावसाचा निबंध’ने त्यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार दिला. लघुपट म्हणजे मोठ्या चित्रपटाची पायरी, एवढंच मानू नका.

कलाकारही त्यांनी लांबून आणले नाहीत. ‘सैराट’ची नायिका रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी मुलगी होती. चेहरा, चाल आणि बोली एकाच मातीतली असली की निम्मं काम झालेलं असतं. मुंबई लागते ती नंतर, ध्वनिमिश्रण आणि वितरणासाठी. पटकथा मात्र जेऊरच्या स्टेशनवर बसूनही लिहिता येते. रीतसर शिकायचं असेल तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन व पटकथालेखनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी कुठल्याही शाखेची पदवी चालते, पण प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

प्रश्न : यंत्रमाग कामगारावर 15 मिनिटांचा लघुपट करतोय. चाचणीसाठी मोबाईलवर कारखान्यात शूटिंग केलं. चित्रात आडवे पट्टे सरकतात आणि संवाद अजिबात ऐकू येत नाहीत. माईक बदलू का? (अशोक चौक, सोलापूर)

उत्तर : माईक बदलून काही होणार नाही. माग चालू असताना शेजारचा माणूस कानाशी येऊन ओरडतो तेव्हा कुठे कळतं, तिथे कुठलाच माईक संवाद वेगळा काढून देणार नाही.

आधी पट्ट्यांचं बघू. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाईट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. मोबाईल आपोआप 1/60 किंवा 1/120 सेकंदाचं शटर (एका चित्रावर प्रकाश पडू देण्याचा वेळ) लावतो, ते या लयीशी जुळत नाही आणि पट्टे दिसतात. मॅन्युअल सेटिंग देणारं कॅमेरा अॅप घ्या. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) 24 आणि शटर 1/50 ठेवून दोन्ही लॉक करा. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) हेही लॉक करा, नाहीतर खिडकीकडे कॅमेरा वळला की चेहऱ्याचा रंग बदलतो.

आता आवाज. कारखान्यातला प्रसंग दोन भागांत चित्रित करा. दूरचे शॉट माग चालू ठेवून घ्या, त्यात संवाद नको. जवळचे, बोलण्याचे शॉट माग बंद असताना, म्हणजे कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. मालकाला ऐन पाळीत माग थांबवायला सांगू नका, ते त्याच्या उत्पादनाचं नुकसान आहे. या शॉटच्या चौकटीत मागे माग दिसू देऊ नका, नाहीतर थांबलेला धोटा (आडवं सूत घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा भाग) लगेच नजरेत भरतो.

इथे बहुतेकांचं एक चुकतं. शांत कारखान्यात नट हळू आवाजात बोलतात. संकलनात त्याखाली मागाचा खडखडाट घातला की प्रसंग खोटा वाटतो, कारण त्या गोंगाटात कुणी तसं बोलत नाही. नटांना गळ्याच्या शिरा ताणून बोलायला लावा. कॅमेरा सुरू होण्याआधी इअरफोनवर त्यांना मागाचा आवाज ऐकवा, पट्टी आपोआप चढते.

मागाचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा : धोट्याजवळ, दारात आणि बाहेर बोळात, प्रत्येक ठिकाणी किमान एक मिनिट. रेकॉर्डिंगचं सेटिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट ठेवा. ऑटो गेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप बदलणारा पर्याय, बंद ठेवा. तो गोंगाटात आवाज दाबतो आणि शांततेत सुंई-सुंई वाढवतो. मीटरचा काटा उणे 12 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या कारखान्यातली शांतताही अर्धा मिनिट टिपून ठेवा, संवादांचे तुकडे जोडताना तीच सांधा झाकते.

त्याआधी पटकथा मात्र पुन्हा वाचा. मागावरचे कामगार पाळीत अर्धंअधिक खुणांनीच बोलतात. तुमचा संवाद खुणेने होत असेल तर तो खुणेनेच होऊ द्या आणि बोलणं चहाच्या टपरीवर न्या. ‘फँड्री’तला प्रसंग आठवा : डुक्कर समोर आहे, शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, नायक जब्या जागीच ताठ उभा राहतो आणि डुक्कर निसटतं. प्रसंगाचा सगळा ताण बाहेरून येणाऱ्या एका आवाजावर उभा आहे. मागाच्या आवाजाकडे अडचण म्हणून बघू नका, तो तुमच्या कथेचा ऐवज आहे. भरलेला खडखडाट एकदम थांबला तर प्रेक्षक दचकेल. तो क्षण कथेत कुठे यायला हवा, हे आधी ठरवा.

सोलापूरच्या पूर्व भागातली पात्रं घरात तेलुगू बोलत असतील तर तेलुगूच ठेवा आणि खाली मराठी उपशीर्षकं द्या. सगळ्यांच्या तोंडी एकसारखी छापील मराठी घातली तर ते सोलापूर वाटणार नाही.

सुताची धूळ लेन्सवर बसून चित्र धूसर होतं, म्हणून दर शॉटआधी कोरड्या मऊ कापडाने काच पुसा. ट्रायपॉड कधीही धोट्याच्या रेषेत लावू नका. धोटा मागाबाहेर उडाला तर जबर इजा होते. मागाच्या फिरत्या पट्ट्यांजवळ सैल ओढणी किंवा लोंबती वायर नको.

प्रश्न : झेडपी शाळेतला 11 वर्षांचा मुलगा मुख्य भूमिकेत आहे. पालकांची तोंडी संमती पुरेल का? (पंढरपूर)

उत्तर : नाही. बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांनुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अर्जासोबत नमुना ‘क’मधलं हमीपत्र आणि पालकांची लेखी संमती जोडा. दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम नको आणि विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त नको. मुलाच्या मानधनातले किमान 20 टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावे लागतात. पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती सेटवर हवी. वेळापत्रक त्याच्या शाळेच्या सुट्टीनुसार आखा आणि त्याचे अवघड प्रसंग सकाळी उरका. दुपारनंतर मूल थकतं, मग दहा टेक घेऊनही पहिल्या टेकचा ताजेपणा येत नाही.

प्रश्न : कथेत शेळी आणि कुत्रा आहे. प्राणी घरचेच आहेत, तरी परवानगी लागेल? (बार्शी)

उत्तर : लागेल, आणि तीही शूटिंगच्या आधी, भारतीय पशु कल्याण मंडळाकडून. ते पत्र नसेल तर पुढे सेन्सॉरचा अर्ज अडतो आणि तेव्हा धावाधाव करून काही साधत नाही.

प्रश्न : लघुपट तयार आहे. थिएटरमध्ये गावकऱ्यांना दाखवायचा तर काय लागेल? (करमाळा)

उत्तर : सार्वजनिक प्रदर्शनासाठी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर करायचा असतो. यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या) गटात आता 7+, 13+ आणि 16+ असे वयोगट आहेत. लघुपट फक्त यूट्यूबवर टाकणार असाल तर हे प्रमाणपत्र लागत नाही. थिएटरला पेनड्राइव्हवरची साधी व्हिडिओ फाईल चालेल असं गृहीत धरू नका, डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरसाठी लागणारं डिजिटल पॅकेज) करून घ्या. खेळाच्या आदल्या दिवशी त्याच पडद्यावर सुरुवातीची पाच मिनिटं लावून आवाज आणि उपशीर्षकांचा आकार शेवटच्या रांगेतून तपासा.