पाऊस असेल तर सायकल शर्यत रस्त्यावर उभं राहून बघण्यात अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की २०२७ ची टूर द फ्रान्स एडिनबराहून सुटणार आहे, मुलगी तिथेच राहते, आणि पाऊस लागला तर साठी उलटलेल्या तुम्ही दोघांनी रस्त्यावर जावं की टीव्हीसमोर बसावं. जरूर जा. फक्त जागा नीट निवडा.

मी लीड्सला राहते. २९ सप्टेंबर २०१९ ला इथे यॉर्कशरमध्ये जागतिक अजिंक्यपदाची पुरुषांची शर्यत झाली. लीड्सहून सुरुवात, हॅरोगेटला शेवट. डोंगरातल्या रस्त्यांवर इतकं पाणी साचलं की बटरटब्ज आणि ग्रिंटन मूर हे दोन्ही मोठे चढ गाळावे लागले. अंतर २८५ किलोमीटरवरून सुमारे २६१ वर आलं, आणि हॅरोगेट शहरातल्या १४ किलोमीटरच्या फेऱ्या सातऐवजी नऊ केल्या. त्या चढांवर बघायला जायचं ठरवलेल्यांची निराशा झाली. आम्ही हॅरोगेटमधल्या पार्लमेंट स्ट्रीटच्या चढावर होतो, आम्हाला दोन फेऱ्या जास्त मिळाल्या.

म्हणून म्हणते, पावसात अशीच जागा धरा जिथून स्वार पुन्हा पुन्हा जातील, आणि तीही चढावर. सपाट रस्त्यावर अख्खा घोळका सर्रकन निघून जातो, अंगावर पाणी उडतं आणि संपलं. चढावर वेग पडतो, चेहरे दिसतात.

पहिल्या एकदोन फेऱ्यांना मला सगळे सारखेच दिसले. मग दर वीसेक मिनिटांनी तीच माणसं समोरून जायला लागली आणि प्रत्येक वेळी थोडी कमी होऊन. एक जण आमच्यापासून हाताच्या अंतरावर खाऊच्या पुडीचा कागद दातांनी फाडायला बघत होता. बोटं वळतच नव्हती. पुडी खाली पडली, त्याने वळूनही पाहिलं नाही. पुढच्या फेरीला मी त्याची वाट बघत राहिले, तो आला नाही. थंडी नुसती बोचत नाही, ती खाऊ देत नाही, ब्रेक नीट दाबू देत नाही, हे मला तेव्हा कळलं. टीव्हीवर कॅमेरा पुढच्या पाचसहा जणांवरच असतो, हे दिसतच नाही. त्या दिवशी १९७ जण निघाले होते, पोचले फक्त ४६.

शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा पुढच्या घोळक्यात नेदरलंड्सचा नावाजलेला स्वार माट्यू व्हान डर पूल होता आणि आमच्या आसपास सगळ्यांनी त्यालाच जिंकलेला धरलं होतं. थोड्याच वेळात शेजारच्या माणसाच्या मोबाइलवर दिसलं, त्याच्या पायातली ताकद अचानक गेली, बाकीचे निघून गेले. डेन्मार्कचा माड्स पेडरसन जिंकला, वय २३. इटलीचा मातेओ त्रेंतिन दुसरा.

आता तयारीचं. छत्री अजिबात नेऊ नका, मागच्यांना दिसत नाही आणि काडी रस्त्यावर गेली तर स्वाराच्या डोळ्यात जाईल. टोपीचा लांब रेनकोट घ्या, आत लोकर. मी मूळची महाबळेश्वरकडची, पावसाला घाबरत नाही, पण इथे भिजल्यावर अंग पुन्हा तापत नाही, तेव्हा मोज्यांचे दोन जोड जास्त ठेवा आणि पाय आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मग बुटात. थर्मासमध्ये चहा. रस्ते बंद व्हायच्या आधी पोचा, जवळचं टॉयलेट बघून ठेवा, आणि पाठ टेकायला भिंत मिळेल तिथे उभे राहा, चारपाच तास सोपे नसतात. स्वारांच्या नंबरांची यादी कागदावर नेऊ नका, लगदा होतो.

फोटोसाठी कठड्याबाहेर हात काढू नका. २०२१ च्या टूरमध्ये पहिल्याच दिवशी एका प्रेक्षकाचा फलक रस्त्यात आला आणि अर्धा घोळका कोसळला. तो रस्ता तर कोरडा होता.

आणि विजेता आला की लगेच निघू नका. व्हान डर पूल त्या दिवशी दहा मिनिटांहून जास्त मागे, ४३वा आला. आमच्या चढावर माणसं निम्मी झाली होती, पाऊस तसाच होता. तो मान खाली घालून वर आला आणि उरलेल्या सगळ्यांनी कठडे बडवायला सुरुवात केली.