बंदरावरचा भुंगेरा ओळखायचा कोणी?

प्रश्न : भुंगेऱ्यांच्या वर्गीकरणाचा जैवसुरक्षेशी, म्हणजे परक्या किडी-रोगांना देशात शिरू न देण्याशी, काय संबंध?

उत्तर : ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घ्या. साठवणीच्या धान्याचा फडशा पाडणारा खापरा भुंगेरा तिथे रुजला, तर गव्हाच्या निर्यातीवर गदा येईल. पण २०२० मध्ये तो आढळला आयात केलेल्या फ्रिजसोबत! त्याच्या केसाळ अळ्या निरुपद्रवी भाऊबंदांसारख्याच दिसत असल्याने वर्गीकरणतज्ज्ञ अळीचे मुखावयव सोडवून काचपट्टीवर बसवतो आणि वरच्या ओठाच्या आतील सूक्ष्म संवेदी उंचवटे मोजतो. खापऱ्यात ते सहसा ४, इतरांत बहुधा ६ किंवा अधिक असतात. निदान चुकले तर कीड निसटते, नाहीतर मालाला विनाकारण मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी द्यावी लागते. डीएनए चाचणी मदतीला असते खरी. मात्र तुलनेचा नमुना आधी कोणीतरी अचूक ओळखून ठेवावाच लागतो.